तोंडी पाऊण, लेखी दोन छेद सहा

पत्र

नमस्कार सर. पन्हाळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पाचवीला शिकवते. वर्गात २६ मुलं आहेत. अपूर्णांकांची घटक चाचणी घेतली, तर बहुतेकांना वीसपैकी पंधराच्या वर गुण पडले. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, १/३ मोठा की १/४? १९ मुलांनी १/४ म्हणून हात वर केला. एका हुशार मुलानं फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं आणि वर्गात कुणालाच त्यात चूक दिसली नाही. याच मुलांनी चाचणीत चौकोनांचे भाग बरोबर रंगवले होते आणि समच्छेद बेरजा बिनचूक सोडवल्या होत्या. मग माझी चाचणी चुकली की शिकवणं? मुख्याध्यापक म्हणतात, पुढचा घटक घ्या, शिष्यवृत्तीची तयारी मागं पडतेय. पालक विचारतात, पोरं रोज कागदच का दुमडतात. सोमवारी वर्गात जाऊन नेमकं काय करू, तेवढं सांगा.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चाचणीत गुण चांगले पडले की बहुतेक जण घटक संपला असं धरून पुढं जातात. तुम्ही दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारलात आणि आलेलं उत्तर झाकून ठेवलं नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. तो सहज विचारलेला प्रश्न हीच तुमची खरी चाचणी होती. आधीच्या चाचणीनं मुलांना रंगवता येतं का आणि वरचे आकडे मिळवता येतात का, एवढंच पाहिलं. चार चौकोनांतले तीन रंगवायला अपूर्णांक कळावा लागत नाही, मोजता आलं की पुरतं. २/७ + ३/७ ला पण तसंच. खालचा सात तसाच ठेवायचा, वर दोन आणि तीन पाच. पोरं हे पाढ्यासारखं करतात.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी कोल्हापुरातच शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता, पहाटे वडिलांबरोबर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन मग शाळेत यायचा. हिशेबाला एकदम चलाख. अपूर्णांकांची बेरीज चालली होती, म्हणून त्याला विचारलं, "अर्धा लिटर आणि पाव लिटर मिळून किती रे?" प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, "पाऊण लिटर की सर." म्हटलं, ये, फळ्यावर लिही. त्यानं लिहिलं, १/२ + १/४ = २/६. मी विचारलं, "अरे, आत्ता पाऊण म्हणालास ना?" त्यानं फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, तोंडी पाऊण. लेखी दोन छेद सहा."

त्याच्या चेहऱ्यावर जराही गोंधळ नव्हता. दोन्ही उत्तरं त्याच्या लेखी खरी होती, एक कट्ट्यावरचं आणि एक शाळेतलं. मी तेव्हा काय केलं? फळा पुसला आणि लसावि काढून छेद समान कसे करायचे ते पुन्हा एकदा शिकवलं. तो शिकला. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी पडले. पण कट्ट्यावरचं पाऊण आणि फळ्यावरचं ३/४ ही एकच वस्तू आहे हे त्याला कळलं का, ते मी कधीच तपासलं नाही. त्या वर्षी मला ते तपासायचं असतं हेच माहीत नव्हतं. २/६ म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्याहूनही कमी. अर्ध्या लिटरात पाव लिटर ओतल्यावर दूध कमी झालं, असं त्या पोरानं कट्ट्यावर कुणाला म्हणू दिलं असतं का?

तुमच्या वर्गातल्या त्या २/५ चंही मूळ असंच आहे. तो मुलगा हुशार आहे असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबरच आहे. ही रीत त्यानं आपल्याकडूनच उचललीय. प्रगतिपुस्तकात आपण काय करतो बघा. पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसऱ्या चाचणीत १० पैकी ८, एकूण २० पैकी १५. लिहिताना ७/१०, ८/१०, १५/२० असंच लिहितो, तीच तिरकी रेघ मारून. वरची बेरीज वर, खालची बेरीज खाली. पहिलीपासून पोर हे आपल्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईत बघत आलंय. मग पाचवीत त्याच रेघेच्या वरखाली आकडे मांडून आपण सांगतो, आता खालचे मिळवायचे नाहीत. का नाहीत, हे सांगायचं मात्र राहून जातं.

कारण असं आहे. गुणांमध्ये प्रत्येक चाचणी हा वेगळा पूर्ण असतो. बेरीज केली की पूर्णही वाढतो, दहाचा वीस होतो. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण वाढत नाही. तो एकच राहतो, एक भाकरी, एक लिटर, एक एकर. "दोनपैकी एक आणि तीनपैकी एक मिळून पाचपैकी दोन" हे वाक्य गुणांसाठी खरं आहे, दुधासाठी खोटं. त्या मुलाला चूक आहे असं सांगू नका. लिटरचं माप समोर ठेवा, अर्ध्यावर खूण करा आणि विचारा, इथवर दूध आहे, त्यात आणखी एक तृतीयांश ओतलं तर दूध खुणेच्या वर जाईल की खाली येईल? तो वर म्हणेल. मग विचारा, तुझं २/५ अर्ध्याच्या वर आहे की खाली? पुढचं त्यालाच बोलू द्या. मध्ये मदत करायचा मोह फार होतो, तो आवरा.

म्हणूनच माझी पहिली विनंती अशी की तीन-चार आठवडे वर्गात अपूर्णांकासाठी "पैकी" हा शब्द वापरू नका. पुढं गुणोत्तराला, शेकडेवारीला तो लागेलच. आत्ता तो दोन सुटे आकडे दाखवतो, आणि पोराला अपूर्णांक हा एक आकडा आहे हे दिसायला हवंय. "एक छेद तीन" या वाचनाचंही तेच. ते लिहिण्याचं वर्णन झालं, त्यातून वस्तू डोळ्यापुढं येत नाही. "एक तृतीयांश" पुस्तकात आहे, ते येऊ द्याच. पण सुरुवातीला "एक तिसरा हिस्सा", "तीन चौथे हिस्से" असं म्हणायची सवय लावा. मग समच्छेद बेरजेला नियमच लागत नाही. दोन सातवे हिस्से आणि तीन सातवे हिस्से मिळून पाच सातवे हिस्से, जसे दोन आंबे आणि तीन आंबे मिळून पाच आंबे. आणि भिन्नच्छेद बेरजेत अडचण कुठं आहे तेही आपोआप दिसतं. दोन म्हशी आणि तीन शेळ्या मिळून किती, असं विचारलं तर तुमची पोरं "पाच जनावरं" म्हणतील. दोघींना एक नाव दिल्याशिवाय मोजता येत नाही. अर्धा हिस्सा आणि तिसरा हिस्सा यांनाही एका नावावर आणावं लागतं, दोन्हींचे सहावे हिस्से करावे लागतात. छेद समान करणं म्हणतात ते हेच.

(रेघ दिसली की अपूर्णांक, अशीही एक समजूत पोरांची असते. एकदा वर्गात विचारून बघा, सातबारा हा अपूर्णांक आहे का? घरात हा शब्द रोज ऐकणारी मुलं ७/१२ बघून "बारातले सात" म्हणतात. ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन नमुन्यांचे क्रमांक आहेत, हे सांगितलं की त्यांना फार गंमत वाटते. रेघ कशाची आहे ते आधी बघायचं, हेही ध्यानात राहतं.)

आता १/३ आणि १/४ कडं येऊ. तिनापेक्षा चार मोठा, हे पोरांनी चार वर्षं घोकलंय आणि ते खरंच आहे. म्हणून १९ हात वर गेले. मला जास्त काळजी उरलेल्या सात जणांची वाटते. त्यांचं उत्तर बरोबर होतं, पण कशामुळं? काहींना खरंच कळलेलं असेल. काहींनी मात्र "अपूर्णांकात उलटं असतं, खालचा मोठा तो लहान" असं सूत्र कुठूनतरी पाठ केलेलं असेल. हे सूत्र १/३ आणि १/४ ला पास होतं. २/३ आणि ५/६ ला हेच मूल २/३ मोठा म्हणेल आणि फसेल. आणि गंमत अशी की त्या १९ पैकी पुष्कळ जण इथं ५/६ म्हणतील, म्हणजे उत्तर बरोबर, कारण मात्र तेच जुनं, मोठे आकडे ते मोठं.

म्हणून जोड्या निवडताना विचार करावा लागतो. तुलनेची चाचणी म्हणून पोरांना दहा जोड्या देण्यापेक्षा चारच द्या, पण प्रत्येक जोडी एका चुकीच्या वाटेवर पहारा देणारी असू द्या. १/३ आणि १/४ मध्ये मोठ्या आकड्याला मोठं म्हणणारा सापडतो. २/३ आणि ५/६ मध्ये उलटं सूत्र पाठ केलेला सापडतो. २/३ आणि ५/८ मध्ये "वरचाही मोठा, खालचाही मोठा, म्हणजे ५/८" म्हणणारा पुन्हा एकदा सापडतो, कारण इथं २/३ मोठा आहे. आणि चौथी जोडी ५/६ आणि ७/८. ही माझी सर्वांत आवडती. इथं चांगली चांगली पोरं "सारखेच" म्हणतात, कारण दोन्हीकडं पुरं व्हायला एकच कमी आहे. तो एक कोणता हिस्सा आहे, सहावा की आठवा, हे त्यांनी अजून बघितलेलं नसतं. चारी उत्तरं एका ओळीत मांडली की मूल कुठल्या वाटेनं चाललंय ते गुणांची बेरीज न करताच दिसतं. दोन मुलांना चारपैकी दोन-दोन पडतील, पण एकाचे दोन आणि दुसऱ्याचे दोन पूर्णपणे निराळे असतील. त्यांना एकाच रांगेत बसवून एकच उजळणी दिली, तर दोघांचाही वेळ जातो.

तिरकस गुणाकार करून (एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदानं गुणून) लहानमोठं ठरवायची युक्ती शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शकांत असते. दुसऱ्या सत्रापर्यंत ती वर्गात आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. युक्ती खोटी नाही, पण ती हातात आली की मूल अपूर्णांकाकडं बघायचंच थांबतं. ५/६ बघून "जवळजवळ एक" असं ज्याला वाटत नाही, त्याला ५/६ आणि ७/८ साठी ४० आणि ४२ ची तुलना करून काय मिळालं?

पोरांच्या घरी काय आहे ते बघा. मराठीत अपूर्णांकांची केवढी श्रीमंती आहे! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. यातला "पावणेतीन" नीट ऐका. तिनाला पाव कमी. म्हणजे तीनही माहीत, पावही माहीत आणि त्या दोघांमधली जागाही माहीत. संख्यारेषेवर २ ३/४ दाखवायला आपण एक तास घालवतो, आणि पोर घरी "पावणेतीन वाजले" म्हणताना तिथंच उभं असतं. आपण साडेतीन शक्तिपीठं म्हणतो, त्यात आपली अंबाबाई पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं पीठ, हे पोरांना ठाऊक असतं. १९५७ साली दशमान पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. चार आणे म्हणजे पाव आणि बारा आणे म्हणजे पाऊण, हे आजोबा अजून सांगतील. पोरांना घरी पाठवा, आज्जी-आजोबांना पावकी, निमकी, औटकी येते का विचारून या म्हणावं. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. औट, सात, साडेदहा, चौदा. ज्या आजोबांना तो येतो, त्यांना वर्गात बोलवा.

वर्गात एक दोरी ताणा, शून्यापासून चारपर्यंत गाठी मारा आणि चिठ्ठ्या द्या. पाऊण, दीड, पावणेदोन, साडेतीन, एका बाजूला शब्द आणि मागं आकडा. सकाळी गावच्या डेअरीला दूध घालून येणारी मुलं तुमच्या वर्गात असणारच. त्या डेअरीच्या पावतीवर ३.५ लिटर छापलेलं असतं. ती पावतीही त्याच गाठीवर टांगा. तोंडी आणि लेखी एका ठिकाणी आणायचं काम दोरी फार चांगलं करते.

या घरच्या शब्दांना एक मर्यादाही आहे, ती लक्षात असू द्या. ते सगळे पाव आणि अर्ध्याच्या कुळातले आहेत. तिसऱ्या, पाचव्या हिश्शाला रोजच्या बोलण्यात तसा सुटसुटीत शब्द उरलेला नाही. म्हणून पोराला पाव कळतो आणि १/३ परका वाटतो. तिथं जमिनीचा आधार घ्या. ४० गुंठ्यांचा एकर, अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, पाव म्हणजे १०, हे तुमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. मग विचारा, तिघा भावांत एकर वाटला तर? तेरा गुंठे आणि वर काहीतरी उरतं. तो उरलेला एक गुंठाही तिघांत वाटायचा आहे. प्रत्येकी तेरा पूर्णांक एक तृतीयांश. इथं मुलाला १/३ ची गरज स्वतःहून लागते. आणि पाठोपाठ हेही विचारा, अर्धा एकर मोठा की अर्धा गुंठा? दोन्ही अर्धेच. अर्धं कशाचं, हे विचारायची सवय इथं लागते.

समान भागांचंही असंच. पुस्तकातल्या आकृत्या आधीच नीट सारख्या कापलेल्या असतात, म्हणून भाग समान हवेत ही अट पोरांच्या नजरेत कधी येतच नाही. एक ऊस वर्गात आणा. कांडी मोजा, समजा आठ भरली. एक कांडं म्हणजे उसाचा आठवा हिस्सा का? मोठ्या आवाजात "व्हय" येईल. मग दोन पोरांना एक बुडख्याचं आणि एक वाड्याकडचं, म्हणजे शेंड्याचं, कांडं द्या. भांडण लागेलच. एकाचं लांब, एकाचं आखूड, आणि वाड्याकडचं पाणचट. गोडी बाजूला ठेवा आणि लांबीवर या. सुतळी घेऊन ऊस मापायचा, सुतळीची घडी घालून आठ सारखे भाग करायचे आणि मग उसावर खुणा करायच्या. खुणा कांड्यांवर येत नाहीत. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं मूल विसरत नाही.

मूल्यमापनाचा तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तिथं थोडं थांबतो. पेपर हवाच, पण त्यात उलट्या दिशेचे प्रश्न घाला. चौकोन देऊन २/३ रंगव, असं आपण नेहमी विचारतो. त्याऐवजी चार सेंटिमीटरची रेघ द्या आणि सांगा, ही २/३ आहे, पूर्ण रेघ काढ. जो अंश-छेद नुसते मोजतो त्याला इथं मोजायला काही सापडत नाही. ज्याला कळलंय तो आधी एक तिसरा हिस्सा शोधतो, दोन सेंटिमीटर, आणि सहाची रेघ काढतो. दुसरं, शून्य ते दोनची संख्यारेषा द्या आणि ३/४ दाखवायला सांगा. बरीच मुलं अख्ख्या रेषेचा पाऊण घेऊन दीडवर खूण करतात. ती चूक मोलाची आहे. तिथं मूल ३/४ "कशाचा तरी भाग" म्हणून ओळखतंय, संख्या म्हणून नाही. तिसरं, लांबट आयताचे दोन्ही कर्ण काढा, चार त्रिकोण होतात, दोन बुटके आणि दोन उभट. प्रत्येक त्रिकोण पाव आहे का? दिसायला नाही, पण आहे. कापून, दुमडून, जुळवून पोरं हे सिद्ध करतात तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या.

पेपरपेक्षाही मला भरवसा वाटतो तो पाच मिनिटांच्या गप्पांवर. रोज तीन मुलं, मधल्या सुट्टीआधी, व्हरांड्यात. २६ मुलांना नऊ दिवस लागतील. प्रत्येकाला एकच प्रश्न आणि एकच पाठपुरावा, "हे तुला कसं कळलं?" बरोबर उत्तरालाही तोच पाठपुरावा, नाहीतर बाईंनी "कसं?" विचारलं की चुकलं, असा अर्थ पोरं दोन दिवसांत काढतात. एक वही करा आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत लिहा. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत "अपूर्णांक ओळखतो, तुलना करतो" अशी तयार वाक्यं उतरवली जातात, तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्या जागी "चौघांत चतकोर येती, तिघांत त्याच्यापेक्षा जास्त येती, म्हणून १/३ मोठा" एवढं एक वाक्य असलं, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना त्या मुलाबद्दल खरी माहिती मिळते. या नोंदींना गुण देऊ नका. गुण दिसले की पोरं आपलं खरं मत लपवतात आणि बाईंना काय हवंय ते बोलतात.

मुख्याध्यापकांशी बोलताना दोन गोष्टी हाताशी असू द्या. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण किती, १, २, १९ की २१? दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. २ निवडणारी मुलं होती २४ टक्के. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे वरचे आकडे मिळवले किंवा खालचे. हा प्रश्न तुमच्या शाळेत सातवीला घालून बघा आणि उत्तरं मुख्याध्यापकांना दाखवा. दुसरी गोष्ट, २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती. प्राथमिक शाळेच्या शेवटी ज्यांची अपूर्णांकांची आणि भागाकाराची समज चांगली होती, ती मुलं पाच-सहा वर्षांनी बीजगणितात पुढं दिसली. बेरीज-वजाबाकी येणं, घरची परिस्थिती, हे सगळं जमेस धरूनही हा संबंध टिकला. तेव्हा अपूर्णांकांवर घालवलेले तीन आठवडे शिष्यवृत्तीच्या आड येत नाहीत. ते पुढच्या शिष्यवृत्तीलाही उपयोगी पडतात.

पालकांना शाळेत बोलवून कागद दुमडायला लावा. तीन सारखे भाग होतील अशा घड्या घाला म्हणावं. पहिल्या फटक्यात कुणालाच जमत नाही. त्या झटापटीतच तिसरा हिस्सा कळतो, हे त्यांना हातानं कळेल, सांगून नाही.

आणि आता सोमवार.

फळ्यावर काही लिहू नका. आठ-नऊ भाकरी मागवून घ्या, नाहीतर कागदाचे गोल कापून न्या. एका पंगतीत चार मुलं आणि तीन भाकरी. वाटा म्हणावं, पण सगळ्यांना सारखं आणि काही उरायचं नाही. कुणी तिन्ही भाकरींचे चतकोर करील आणि प्रत्येकाला तीन चतकोर देईल. कुणी दोन भाकरी अर्ध्या करून सगळ्यांना एकेक अर्धी देईल आणि तिसरीचे चतकोर करील. एकाच्या ताटात तीन चतकोर, दुसऱ्याच्या ताटात अर्धी आणि चतकोर. कुणाला जास्त मिळालं, असं विचारा आणि मग गप्प बसा. पोरं तुकडे एकमेकांवर ठेवून बघतील. पाऊण हा शब्द कुणाच्या तरी तोंडून येईलच. आला की त्याच मुलाला खडू द्या आणि दोन्ही ताटं लिहायला सांगा, १/४ + १/४ + १/४ आणि १/२ + १/४. दोन्हींच्या पुढं बरोबरचं चिन्ह आणि ३/४. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथल्या अभ्यासकांनी वाटपातून अपूर्णांक शिकवण्यावर बरंच काम केलंय. भाकरी तीन आणि माणसं चार, म्हणून वाटा ३/४, हे वाचन पोरांना लवकर रुचतं. वर भाकरी, खाली माणसं. मग १/३ आणि १/४ चा वाद पाच मिनिटांत मिटतो. एक भाकरी तिघांत आणि एक भाकरी चौघांत, तू कुठल्या पंगतीत बसशील?

त्याच तासाच्या शेवटी दुसरी पंगत मांडा, पाच मुलं आणि चार भाकरी. ३/४ च्या पंगतीत बसायचं की ४/५ च्या? दोन्हीकडं एक भाकरी कमी आहे. इथं घाई करू नका, उत्तर सांगू नका आणि तास संपला तर प्रश्न तसाच घरी जाऊ द्या. मंगळवारी सकाळी कोण काय म्हणतंय ते वहीत लिहून ठेवा. एखाद्या पोरीनं "तिकडं चतकोर कमी पडती, हिकडं पाचवा हिस्साच कमी पडतो" असं काही म्हटलं, तर तेवढं वाक्य मला जरूर कळवा. आणि २/५ लिहिणाऱ्या त्या मुलाला वाढपी करा. त्याच्या हातून भाकरी मोडली जाऊ द्या.